सुनंदाताईंनी वाचवलेली खोली

सुनंदाताई वाघमारे माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या माझ्या पाठीमागं उभ्या राहून. परभणीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी नुकतीच लागले होते. जिंतूरकडची पोर, सिव्हिलचा डिप्लोमा, आणि कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, काढायला दिलेलं पहिलंच घर. दुपारपर्यंत छान जमलं होतं. मग माऊसचं चाक कसं काय दाबलं गेलं कोण जाणे, आणि सगळं घर गायब! भिंती नाहीत, दारं नाहीत, नुसता काळा पडदा.

"शेवटचं काय केलंस गं?" मागून आवाज आला.

"काहीच नाही."

"काहीच न्हाई म्हणणारानंच कायतरी केलेलं असतंय. सरक."

हातातला चहाचा कप त्यांनी माझ्या हातात दिला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हा ठिपका दिसायलाय का?" मी त्याला धूळ समजत होते. "हे तुझं घर. आन त्या टोकाला बघ, एक रेघ चुकून पडलीय. घर परभणीत, रेघ पूर्णेला! दोन्ही एकदमच दाखवायचं म्हणल्यावर मशीन बिचारं मागं मागं सरकलं." त्यांनी ती रेघ पुसली, दोन कळा दाबल्या, आणि घर स्वयंपाकघराच्या ओट्यासकट पडदाभर उभं राहिलं. कप माझ्या हातातून काढून घेत त्या म्हणाल्या, "रडू नको. काढलेलं असं हरवत न्हाई."

ताई ऑफिसातल्या मुख्य ड्राफ्ट्समन. 'ड्राफ्ट्सवुमन' म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "पाटीवर जागा पुरत न्हाई," म्हणायच्या. यजमान रेल्वेत, घर पूर्णेला, त्यामुळं रोज गाडीनं ये-जा. गाडी लेट झाली की ऑफिसात पाय ठेवल्या ठेवल्या तीन-चार जण हाका मारायचे. त्या हाका त्यांना मनापासून आवडत. आपल्या हुशारीबद्दल उगाच संकोच बाळगणारी बाई नव्हती ती. "असा बिघाड काढणारी परभणीत दोनच माणसं. त्यातलं दुसरं अजून सापडायचंय," असं चारचौघांत सांगायच्या.

एकदा एका ठेकेदारानं दुसरीकडून आणलेला नकाशा उघडला, तर सगळ्या मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं. ठेकेदार घाबरला, फाईल बिघडली म्हणाला. ताई हसल्या. "खामखा परेशान होऊ नका. उर्दू न शिकता उर्दू पेपर हातात घेतला, तर पेपर बिघडला म्हणायचं का? आमच्या मशीनला हा फाँट येत न्हाई, एवढंच हाय." दुसऱ्या एका नकाशात कुणीतरी मिलिमीटरमधलं दार मीटरच्या घरात आणून चिकटवलं होतं. ते दार अख्ख्या कॉलनीपेक्षा मोठं झालेलं. ताईंनी ते बघून आमच्या सरांना विचारलं, "सर, ह्या घरमालकानं हत्ती पाळलेत का हो?" आणि संतापून माऊस आपटणाऱ्याला तर त्या हमखास म्हणायच्या, "त्याला कामून मारायलात? ते तुमचंच ऐकायलंय!"

मोबाईलशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. यजमानांना पाठवलेला "येताना वांगे आणा, कालच्यासारखे किडके नको" हा निरोप ऑफिसच्या ग्रुपवर आला, तेव्हा सरांनी खरंच वांगी आणून त्यांच्या टेबलावर ठेवली होती.

ताईंचं नाव निघालं की मला आठवते ती पूर्णा रस्त्यावरच्या एका गावातली अभ्यासिका. गावाच्या समितीनं नकाशा आमच्याकडून करून घेतला होता. ताईंनी त्यात मुलींसाठी वेगळी खोली काढली होती, पूर्वेला मोठी खिडकी असलेली. शेवटच्या दिवशी सकाळी समितीचे अध्यक्ष गणपतराव यांचा फोन आला: ती खोली काढा, तिथं मंडपाचं सामान ठेवायला गोदाम करा. ताईंनी तसा बदल केला. समिती नकाशा न्यायला येऊन बसली. त्याच दिवशी तो मंजुरीला द्यायचा होता. ताई फाईल सेव्ह करत असतानाच लाईट गेली. यूपीएसनंही मान टाकली.

लाईट आली, पण फाईल काही उघडेना. दुरुस्तीच्या सगळ्या कमांड देऊन झाल्या. सरांचा चेहरा उतरला. ताई मात्र खुर्ची पुढं ओढून शांतपणे फोल्डर धुंडाळत होत्या. सॉफ्टवेअर आधीच्या फाईलची एक प्रत आपणहून जपून ठेवतं. ती त्यांनी शोधली, तिच्या नावाची शेवटची अक्षरं बदलली आणि उघडली. नकाशा आला. पण कालचा. मुलींच्या खोलीसकट.

ताईंनी पडदा समितीकडं वळवला. "खरं सांगते, सकाळचा बदल गेला. हा जुना नकाशा हाय. तुमी म्हणाल तर अर्ध्या तासात परत गोदाम करून देते. तवर चहा घ्या. पण चहा होईस्तोवर ही खोली एकदा बघा."

गणपतराव म्हणाले, "बघायचं काय त्यात? पोरी घरी अभ्यास करत्यात की."

समितीतल्या कमलबाई आतापर्यंत पदर सावरून गप्प बसल्या होत्या. त्या उठून पडद्याजवळ गेल्या. "घरी कुठं हो दादा? माझी नात चुलीपुढं बसून वाचती. मदीच भाकर थापायला उठती. तुमची सून परीक्षेला बसली, ती कुठं बसून वाचायलीय, इचारलंत का कधी?"

गणपतरावांनी बशीतला चहा संपवला, खिडकीच्या चौकोनाकडं जरा वेळ पाहिलं आणि ताईंना म्हणाले, "गोदाम मागल्या अंगाला काढता येतंय का, पत्र्याचं?"

"येतंय की!" ताई इतक्या जोरात म्हणाल्या की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला.

अभ्यासिका उभी राहिली तोवर ताईंच्या यजमानांची दूर बदली झाली होती. सामान बांधून झालं होतं, तरी उद्घाटनाला त्या आल्या. मी बरोबर होते. त्यांना बोलायला उभं केलं, तर दिवसभर बोलणाऱ्या ताईंना शब्द सुचेना. "नकाशे लय काढले," एवढंच म्हणाल्या, "त्यात माणसं बसलेली बघायला कधी गेले न्हवते," आणि खाली बसल्या.

मग त्या मुलींच्या खोलीत गेल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर हात फिरवत टेकल्या. तेवढ्यात पुस्तकं छातीशी धरून एक मुलगी आली. "मावशी, उठा ना. ही जागा माझी हाय. मी सकाळीच धरलीय."

ताई झटकन उठल्या. परतीच्या एसटीत त्यांनी हा प्रसंग आधी मला, मग कंडक्टरला, मग पुढच्या सीटवरच्या अनोळखी बाईला सांगितला. "मी काढलेली खोली, आन मलाच उठवलं बघा पोरीनं!" दर वेळी त्या आणखी मोठ्यानं हसत होत्या, आणि पदरानं डोळे टिपत होत्या.