मास्कमागचा आवाज

वहिनींचा फोन आला तेव्हा मी पिरनवाडीच्या स्टॉपवर बसची वाट बघत होतो. "भाऊजी, ह्यास्नी काय झालंय बघा की... बोलंनात," एवढंच त्या म्हणाल्या. रिक्षा करून कंग्राळीला पोचलो तर दारात माणसं जमली होती. परशुराम अण्णा गेला होता. त्याला महिना होऊन गेला, तरी त्याच्याबद्दल लिहायला बसलो की शब्दांआधी रागच येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

अण्णा आमचा शेजारी, वयानं मोठा, मला सख्ख्या भावासारखा. बेळगावच्या भाजी मार्केटात तो सौदे पुकारायचा. बोली मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवायचा आणि कोबीच्या ढिगापलीकडच्या माणसालाही स्वच्छ ऐकू जायचं. अशा माणसाला नसांचा आजार झाला... आधी हात गेले, मग श्वास. घरी व्हेंटिलेटर आला, नाकातोंडावर मास्क चढला, पण अण्णाच्या झुपकेदार मिशांवर तो नीट बसेना. डॉक्टर म्हणाले, मिशा काढा. हा पठ्ठ्या कशाला ऐकतोय! शेवटी मशीन बसवायला आलेल्या माणसानं समजावलं, "मिशीतनं थोडी हवा गळणार, अण्णा. तेवढी मशीन जास्त हवा सोडून भरून काढतंय. पण मास्कच सरकला तर न्हाय भरून निघत. मग अलार्म वाजणार, आणि घरातल्यांनी पळत यायचं." अलार्म बंद ठेवता येत नाही का, असं अण्णानं विचारलं. "न्हाय. त्योच तुमचा आवाज आता," तो म्हणाला. अण्णा फणकारला, "माझा हाय की अजून!"

आणि तो आवाज त्यानं सोडला नाही. आजारी माणसाला बघायला आमच्याकडे सगळं गाव येतं, आणि दारात आलेल्याला "ये रं, बस" न म्हणणं अण्णाला जमण्यासारखं नव्हतं. हात उचलत नव्हते, म्हणून गाल खांद्यावर घासून तो मास्क खाली ढकलायचा. "ये रं, बस. जेवून आलास व्हय?" त्याची कुजबुज ऐकायला आम्ही वाकायचो आणि शेजारी मशीन केकाटत राहायचं. पहिल्यांदा शांतावहिनी धावत यायच्या. पुढं पुढं अलार्म वाजला की पाहुणा आला, हे त्यांना ठाऊक झालं. त्या आतच चहाचं आधण ठेवायच्या, आम्ही मास्क वर करायचो, आणि कप घेऊन आल्या की त्या पट्टे आवळत अण्णाला चार शब्द सुनवायच्या. "वहिनी, बेल बरी बसवून घेतलीसा," असं कुणीतरी म्हणालं, आणि मास्कच्या आत अण्णासुद्धा हसला होता.

त्या सकाळीही अलार्म वाजला. वेळेवर वाजला, मोठ्यानं वाजला. वहिनींनी आतूनच विचारलं, "कोण आलंय ओ?" उत्तर आलं नाही. पण अण्णाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा कधीच बंद झाला होता. त्यांनी आधण ठेवलं, आलं ठेचून घातलं, दूध घातलं, चहा चांगला उकळू दिला. कप घेऊन बाहेर आल्या तर खुर्ची रिकामी होती. दाराला आतून कडी होती. मास्क हनुवटीखाली आला होता आणि मशीन वाजतच होतं. मास्क आपोआप घसरला, की काही हवं होतं म्हणून त्यानंच ढकलला... हे आता कळायचं नाही. मशीन तपासलं, त्यात काही बिघाड नव्हता.

परवा गेलो होतो. मशीन परत गेलंय, कॉट भिंतीला उभी केलीय. वहिनींनी पाणी दिलं, मुलांची चौकशी केली. त्या घरातून मी चहाशिवाय कधी उठलो नव्हतो, पण मागायचं धाडस झालं नाही. चपला घालताना त्याच म्हणाल्या, "भाऊजी, चहाचं इचारलं न्हाय, राग मानू नगा. गॅस पेटवला की भाईर ते वाजतंय असं वाटतंय... पातेलं तसंच टाकून पळत येतो मी."