गलाईच्या खोलीतला तांबडा धूर

“सोन्याचं दुकान आहे म्हणतात, आणि फुप्फुस बघ कसं झालंय.”

सांगलीच्या हॉस्पिटलात, सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर, एक तरुण डॉक्टर दुसरीला हे सांगत होता. हळूच बोलत होता, पण मी दारालगतच उभी होते. आत पप्पा यंत्रात आडवे होते. यंत्रातला आवाज त्यांना सांगत होता, श्वास घ्या, रोखून धरा. त्यांना तो रोखता येत नव्हता, म्हणून पुन्हा पुन्हा तेच चाललं होतं.

“टीबीचीच औषधं चालू आहेत ना?” दुसरीनं विचारलं.

“हो, साताऱ्यातून सुरू करून पाठवलंय. पण थुंकीत काही सापडलं नाही. आणि माणूस रोज उतरत चाललाय.”

“मग?”

“मग काय. मॅडम राउंडला आल्या की त्याच बघतील.”

मी दारापासून बाजूला सरकले. अनोळखी माणसांशी मला पटकन बोलता येत नाही. शिवाय साताऱ्याहून निघताना काकांनी गाडीतच बजावलं होतं, “दुकानातलं काय बी बोलायचं न्हाई. कुणी इचारलं तर सोन्याचं दुकान हाय, बास.”

ते खोटंही नव्हतं. आम्ही विट्याकडचे. आमच्या भागातली माणसं देशभर गलाईची दुकानं चालवतात. गलाई म्हणजे जुनं, मिसळीचं सोनं गाळून शुद्ध करणं. पप्पांचं आणि काकांचं दुकान तमिळनाडूतल्या एका शहरात आहे, त्याचं नाव लिहीत नाही. मी तिथेच वाढले, तिथल्या इंग्रजी शाळेत शिकले. दुकान म्हटलं की लोकांना काच, दिवे, मखमलीवर मांडलेले दागिने दिसतात. आमच्या दुकानात एक भट्टी, दोन काचेची मोठी भांडी, अ‍ॅसिडचे कॅन आणि काळ्या पडलेल्या भिंती. बस.

काम कसं चालतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. नायट्रिक अ‍ॅसिड सोन्याला काही करत नाही, पण चांदी आणि तांबं विरघळवतं. म्हणून जुन्या सोन्यात चांदी घालून ते वितळवतात, त्याचे बारीक कण करतात आणि अ‍ॅसिडमध्ये उकळतात. तळाशी चिखलासारखी तपकिरी पूड उरते. तेच शुद्ध सोनं. आणि उकळताना वर जो तांबूस-तपकिरी धूर येतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड.

अकरावीत बाईंनी हाच धूर आम्हाला दाखवला होता. तांब्याचा एवढासा तुकडा, अ‍ॅसिडचे थेंब. तेवढ्यासाठी त्यांनी परीक्षानळी काचेच्या बंद कपाटात ठेवली, पंखा लावला आणि आम्हाला मागच्या बाकांपर्यंत सरकवलं. माझं घर दुकानाला लागूनच, तिथे तो दाराखालून स्वयंपाकघरात यायचा.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकाचं सोनं विस्तवावर असलं की दाराला आतून कडी. खिडकीही बंद. कुणी बघायला नको, कुणी आत यायला नको. दुसरी रीत अशी, की कणही वाया जाऊ द्यायचा नाही. झाडलेली धूळ साठवतात. हात धुतलेलं पाणी साठवतात. सांडलेलं पुसायला गोणपाट वापरतात, कारण गोणपाट जाळून त्याच्या राखेतून सोनं परत काढता येतं.

एके दिवशी काचेचं भांडं तडकलं. उकळतं अ‍ॅसिड फरशीवर पसरलं, सोन्यासकट. काका बाजारात गेले होते. पप्पा आत एकटेच. त्यांनी दार उघडलं नाही. गोणपाट टाकलं आणि पुसत बसले.

आता मला माहीत आहे, की नायट्रिक अ‍ॅसिड गोणपाट, भुसा, कागद अशा गोष्टींवर पडलं की तो धूर कितीतरी पटीनं वाढतो. पप्पांना ते माहीत नव्हतं. त्यांच्या वडिलांनीही गोणपाटच वापरलं होतं. आईनं दार वाजवलं तेव्हा आतून ओरडले, “थांब की जरा! सोनं हाय खाली.”

बाहेर आले तेव्हा डोळे लाल, जोराचा खोकला, डोकं दुखतंय. आईनं गूळ दिला, वर दूध दिलं. गलाईवाले धुरावर हेच घेतात. अर्ध्या तासात खोकला थांबला. संध्याकाळी पप्पा हसत होते. “बघ, गेलं का न्हाई?” रात्री थोडं घाबरल्यासारखं झालं, उशा उंच करून झोपले. दोन दिवसांनी पुन्हा भट्टीवर.

इथेच हा वायू फसवतो. अमोनियासारखा वायू नाकालाच इतका झोंबतो की माणूस पळतो. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात पटकन विरघळत नाही, म्हणून नाकाघशाला फार त्रास न देता खोल उतरतो, फुप्फुसाच्या शेवटच्या बारीक नळ्यांपर्यंत. तिथल्या ओलाव्यात त्याचं पुन्हा अ‍ॅसिड होतं. माणसाला वाटतं, बरं वाटलं.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आम्ही साताऱ्याला मावशीकडे लग्नाला आलो. हळदीच्या दिवशी पप्पा जिना चढताना मध्येच बसले. सगळ्यांना वाटलं, प्रवासाचा शीण. लग्नाच्या दिवशी ताप आला. अक्षता टाकायला उठले आणि तसेच खाली बसले. ओठ जांभळे झाले होते. मावशीच्या दिरानं त्यांना जवळच्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे बोटाला चिमटा लावून सॅच्युरेशन मोजलं, म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती आहे ते. आकडा इतका कमी, की नर्सनं चिमटा दुसऱ्या बोटाला लावून पाहिला. मग लगेच ऑक्सिजन दिला. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांवर बारीक ठिपके होते, बाजरी उधळावी तसे. डॉक्टर म्हणाले, टीबीत असं दिसतं. त्यांची चूक मला म्हणता येत नाही. त्यांनी व्यवसाय विचारला होता. काका म्हणाले होते, “सोन्याचं दुकान.”

टीबीच्या औषधांनी पप्पांना मळमळ व्हायची, लघवी नारिंगी व्हायची, आणि श्वास रोज थोडा कमी व्हायचा. सांगायचं एक वाक्य ते तीन तुकड्यांत सांगू लागले. मग नुसती मान हलवू लागले. आई त्यांच्या पायाशी बसून असायची. एकदा ती काकांना म्हणाली, “भावजी, त्या दिवशीचा धूर सांगूया का डॉक्टरास्नी?”

काका म्हणाले, “वैनी, अ‍ॅसिड म्हणलं की पोलीस केस. वस्तीत दुकान हाय आपलं. सील ठोकतील. मग खायचं काय? आन् धूर कवाचा, आजार कवाचा!”

पप्पांनी डोळे मिटूनच मान हलवली. सांगू नका, असा त्याचा अर्थ होता. काका वाईट नाहीत. पप्पांचे पाय तेच चेपायचे, बेडपॅनही तेच धरायचे. त्यांना खरंच वाटत होतं की तो धूर निघून गेला.

श्वास सुधारेना, तेव्हा साताऱ्याहून सांगलीला पाठवलं. म्हणून ती सीटीची खोली आणि ते वाक्य.

दुपारी छातीच्या डॉक्टर मॅडम आल्या. मध्यमवयीन, कमी बोलणाऱ्या. त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली, बराच वेळ पाहिली. मग पप्पांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला.

“काय काम करतात हे?”

“सोन्याचं दुकान हाय, म्याडम,” काका म्हणाले.

“विकतात की बनवतात?”

“तसंच आपलं. दुकान हाय.”

“धूळ, रंग, कुठला वायू, असं काही?”

“न्हाई न्हाई. बसून काम असतंय.”

मॅडम लिहू लागल्या. पप्पांच्या गळ्याचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. माझ्या हातात त्यांचा चष्मा होता. मी इंग्रजीत बोलले. काकांना इंग्रजी समजत नाही, पप्पांनाही नाही. मी शाळेतलं उत्तर म्हणून दाखवावं तशी, मॅडमच्या पेनाकडे बघत बोलले: ते सोनं शुद्ध करतात, नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये, बंद खोलीत. तीन-चार आठवड्यांपूर्वी भांडं फुटलं. तपकिरी धूर. पाऊण तास तरी ते आत होते. प्लीज, माझ्या काकांना कळू देऊ नका.

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी इंग्रजीतच विचारलं, त्यानंतर मधे बरं वाटत होतं का? मी हो म्हणाले. “मला त्यांच्या फुप्फुसाशी काम आहे, दुकानाशी नाही,” त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर काकांनी विचारलं, “काय गं इचारत हुतीस?”

“औषधांचं,” मी म्हणाले.

आजाराचं नाव ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स. मॅडमनी मला वेगळं बसवून कागदावर झाडासारखं चित्र काढलं. खोड म्हणजे श्वासनळी, मग फांद्या, मग डहाळ्या. “वायूनं या सगळ्यात बारीक डहाळ्या आतून भाजल्या. मधे बरं वाटलं, तेव्हा आत जखम भरत होती. पण भरताना व्रण आला, आणि व्रणानं नळ्या बुजवल्या. हवा आत जाते, बाहेर येत नाही.”

“उघडतील?”

“बुजलेल्या बहुतेक नाही. अजून बुजायच्या आहेत त्यांच्यासाठी स्टेरॉईड देऊ.” स्टेरॉईड म्हणजे सूज आणि नवा व्रण धरणं दाबणारं औषध. मग त्या म्हणाल्या, “पहिल्याच दिवशी आले असते तर वेगळं झालं असतं.” त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या. फक्त सांगत होत्या.

टीबीची औषधं बंद झाली. स्टेरॉईड सुरू झालं. मधे दोन रात्री त्यांना आयसीयूत ठेवलं, आणि बाहेरच्या बाकावर आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला. नंतर ताप गेला, ऑक्सिजन थोडा कमी करता आला. पप्पा एक दिवस उठून बसले आणि चहा मागितला. मी मॅडमना आणि त्या वॉर्डातल्या नर्सताईंना कधीच नीट धन्यवाद म्हटलं नाही. म्हणायला गेले आणि मान हलवून परत आले. इथे म्हणते.

पण हे बरं होण्याचं लिखाण नाही. सोडताना स्पायरोमेट्री केली. नळीत जोरानं फुंकायचं, त्यावरून फुप्फुसाची ताकद कळते. पप्पांनी सगळा जीव लावून फुंकलं, आणि पडद्यावरची रेघ जरा वर जाऊन लगेच बसली. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “मशीन बिघडलंय व्हय?”

आता आम्ही विट्याजवळच्या गावी आहोत. कोपऱ्यात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर गुरगुरत असतो. हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र आहे ते. लाइट गेली की आई आधी पप्पांकडे पळते. दारातून न्हाणीपर्यंत जाताना ते एकदा भिंतीला टेकतात. पन्नाशीही झालेली नाही त्यांची.

गावाकडं आल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. सगळी गलाईतलीच, सुट्टीला आलेली. काकांनी सगळ्यांना एकच सांगितलं, न्यूमोनिया झालता. एक शब्द, आणि विषय संपायचा.

गेल्या रविवारी चौघेजण आले होते. मी आत चहा गाळत होते.

“काय दादा, आराम चाललाय व्हय? भट्टी इसरला जणू!”

पप्पा हसायला गेले, खोकले.

“गूळ खावा. लय चांगला असतोय छातीला,” दुसरा म्हणाला.

“न्यूमोनिया कुणाला बी हुतोय,” काका म्हणाले. “मी मंगळवारी निघालोय. गिऱ्हाईक खोळंबलंय तिकडं.”

“जावा जावा. ह्या वर्षी खोकला मला बी हाय. पर अ‍ॅसिडवाला खोकला न्हाई तर गलाईवाला कसला, गड्या!”

सगळे हसले. काकाही हसले, आणि हसता हसता त्यांनाही ठसका लागला. मी तो ठसका ओळखते. कोरडा, दोनदा येऊन थांबणारा. पप्पांना तसाच यायचा, वर्षानुवर्षं.

मी ट्रे घेऊन बाहेर गेले. पाच पुरुष, आणि पलंगावर पप्पा. एकानं कपासाठी हात पुढे केला. मी ट्रे खाली ठेवला नाही. या वेळी इंग्रजीचा उपयोग नव्हता. काकांना समजायलाच हवं होतं.

“पप्पांना न्यूमोनिया झाला नव्हता,” मी म्हणाले. “टीबी पण नाही. अ‍ॅसिडच्या धुरानं त्यांचं फुप्फुस गेलंय, डॉक्टरांना मीच सांगितलं. त्या दिवशी तुम्हाला काही वाटत नाही. गूळ खाता, बरं वाटतं, आणि महिन्यानं श्वास जातो. धूर लागला तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, आणि काय काम करता ते खरं सांगा. काका, तुम्ही मंगळवारी जाणारच असाल तर जा. पण भांडं फुटलं तर सोनं तिथंच टाका, आणि बाहेर या.”