वस्तादांचा कोंडलेला दम

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एका खुर्चीचं केशकर्तनालय आहे. मालक आणि एकमेव कारागीर वस्ताद. चाळीस वर्षं माझी दाढी त्यांच्याच हातची, म्हणून हे लिहायचं धाडस. चुकलं तर तेच कान पकडतील. कान त्यांच्या हाताशी असतोच.

मध्यंतरी त्यांना दोनदा गरगरलं. डॉक्टरांनी छातीवर चिकट बिल्ले लावून वायरी कमरेच्या डबीत सोडल्या. ही डबी दिवसभर हृदयाचा एकेक ठोका टिपणार.

"नेहमीसारखं वागा. काय केलंत ते वेळेसकट वहीत लिहा. ठोक्यांत खोट निघाली तर मात्र वस्तरा खाली ठेवायचा. गिऱ्हाईकाच्या गळ्यावर चक्कर आली तर?"

वस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना दुसरं काहीच येत नाही, चहासुद्धा करपवतात.

वही त्यांनी इमानेइतबारे लिहिली. '९.१० दाढी. ९.४० बायको बोलली. ९.५५ अजून बोलतेय. १०.०५ दाढी.'

दुसऱ्या दिवशी वस्ताद आणि वहिनींसोबत मीही गेलो. डॉक्टरांनी डबीतल्या ठोक्यांच्या छापील कागदावर बोट ठेवलं. मधेच तीन-तीन सेकंद ठोकाच नाही! आणि दर वेळी वहीत दाढी.

"आणि मी बोलत होते तेव्हा?" वहिनींनी विचारलं.

"अगदी नियमित."

"ऐकलंत?" वहिनी वस्तादांकडे वळल्या.

डॉक्टर बुचकळ्यात पडले. "माझ्यासमोर करून दाखवा."

दाढी कोणाची? सगळे माझ्याकडे बघू लागले. मला नाही म्हणता येत नाही. वस्तादांना पुन्हा वायरी लावल्या. पडद्यावर रेघ उड्या मारत होती. वस्तरा माझ्या गळ्याशी आला आणि रेघ आडवी झाली.

"अहो, श्वास घ्या!" डॉक्टर ओरडले. त्या क्षणी ओरडायला नको होतं.

"गळ्यावर असताना?" वस्ताद चकित. "हात हलेल ना! वडिलांनी शिकवलंय, आधी दम कोंडायचा, पोट आवळायचं, मग पातं टेकवायचं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "असा दम कोंडला की ठोके मंदावतातच. तुमचे जरा जास्तच. आठवडाभर श्वास घेत काम करा, मग बघू."

आठवड्यानंतरच्या कागदावर एकही ठोका चुकलेला नव्हता. वस्तरा वाचला.

हल्ली वस्ताद भात्यासारखा श्वास सोडतात. फेस उडून माझ्या नाकात जातो.

"वस्ताद, जरा हळू."

"डॉक्टरांचा हुकूम आहे, काका. हलू नका."

मग मीच डोळे मिटून दम कोंडतो.