हनुवटीवरचे तीन ठिपके

अमरावतीच्या दवाखान्यात, शेवटच्या दिवसांत, एक नवीन नर्स पारबताचं तोंड पुसत होती. हनुवटीवरचे गोंदणाचे तीन हिरवे ठिपके तिला मळ वाटले, तर ती कापूस भिजवून घासू लागली. मी सांगणार तेवढ्यात पारबताच म्हणाली, "घास माय, घास. मी बी लय घासलं हाये. निंगत नाही ते." नर्स ओशाळली, पारबता हसली... तिचं हसणं मी पाहिलं ते शेवटचं. त्याच आठवड्यात ती गेली. आज महिना होत आला. घरी येणारे म्हणतात, भरल्या कपाळानं गेली, सोनं झालं. मला त्या बोलण्याचा राग येतो. माझी बायको गेली, सोनं कशाचं झालं?

आमचं लग्न झालं तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं आणि आमचा फुलांचा मळा दर्यापूरच्या रस्त्याला. तिचं माहेर मूर्तिजापूरकडचं. माझ्या मायनं तिला पसंत केली ती गोंदणावर. पोरगी कशी रेखीव दिसते, असं ती गावभर सांगत फिरली. त्या काळी बिनगोंदणाच्या बाईला लोक तोंडावर विचारत, तुझ्या मायला तुझी हौस नव्हती का?

पारबता फुलांची पाटी घेऊन अमरावतीच्या बाजारात बसायची. समोरच्या किराणा दुकानात एका साली साबणाच्या कंपनीचं कॅलेंडर आलं. त्यावरची बाई गोरीपान, गाल गुळगुळीत, हनुवटी कोरी. दिवसभर पारबताच्या नजरेसमोर तीच. मग तिच्या भावाकडे अकोल्याला गेलो असताना आम्ही तंबूतला सिनेमा पाहिला. पडद्यावर नटीचं तोंड बैलगाडीएवढं, आणि त्यावरही एक ठिपका नाही. बाहेर आल्यावर पारबता मला विचारते, "इले काहून गोंदलं नसन? माय गरीब होती का इची?" तिची भावजय संगं होती, अकोल्यात राहून गोल पातळ नेसायला आणि पावडर लावायला शिकलेली. ती फस्सकन हसली. म्हणाली, "बाई, आता गोंदनवाल्या बायाले शहरात खेडवळ म्हनतात."

झालं, तिथून घासणं सुरू झालं. लिंबू, राख, टाच घासायची वजरी... मी म्हटलं, ती कॅलेंडरवरची बाई भाकरी थापून देणार आहे का तुला? तर म्हणते, "नाही. पन बजारात सारे पाह्यतात त तिलेच. तुमी बी." खरंच होतं, सारेच पाहायचे. शेवटी कोणाचं तरी ऐकून तिनं बिब्ब्याचं तेल लावलं. पायात काटा मोडला तर आम्ही बिब्बा लावतो, पण तोंडाला? तोंड उतून भोपळ्यासारखं झालं. सूज उतरली तेव्हा हनुवटीवर काळा डाग, आणि त्या डागात तीनही ठिपके जागच्या जागी. त्यानंतर ती पदर दातात धरून बाजारात बसू लागली. भाव सांगायची तोही पदराआडून, गिऱ्हाइकाला ऐकू यायचा नाही. शेजारच्या माळणी टोमणे मारत, "पारबते, तोंड उघड, फुलं कोमेजून राह्यली." चार शेतांवर आवाज जाणारी बाई मुकी झाली. वर्षं गेली अशी. मला वाटलं, ही आता अशीच राहणार.

आमची कुसुम पाच-सहा वर्षांची झाली आणि गोंदणारीण गावात आली. मायनं पोरीला तिच्यासमोर बसवली. पारबता मळ्यातून पळत आली, पोरीला उचललं आणि म्हणाली, "माह्या पोरीच्या तोंडाले सुई लागनार नाही." माय म्हणाली, "मेल्यावर संगं काय नेईन मंग थे? सोनं त अठीच राह्यते, गोंदनच तेवढं संगं येते." सुनेनं सासूला चारचौघींत उलटून बोलायचं म्हणजे तेव्हा घर डोक्यावर घेणं. पण पारबता हटली नाही. मायनं गोंदणारणीला सूपभर ज्वारी देऊन वाटेला लावली आणि सुनेशी बोलणं टाकलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पारबता पाटीत शेवंती भरत होती. कुसुम समोर येऊन उभी राहिली. काजळात बोट बुडवून तिनं हनुवटीवर तीन ठिपके काढले होते, वाकडेतिकडे, आणि भोवती काजळ फासून डागही केला होता. म्हणाली, "आता मी तुह्यासारखी चांगली दिसतो ना माय?" पारबतानं पुसायला पदर पुढे केला... आणि हात तसाच राहिला. मग तिनं पाटी डोक्यावर घेतली. त्या दिवशी बाजारात तिचा आवाज पार धान्याच्या आळीपर्यंत ऐकू गेला. पदर खांद्यावर होता.

कंपनी दर साली नवं कॅलेंडर पाठवायची, दर साली वेगळी बाई. पारबता फुलं मोजता मोजता वर बघायची आणि म्हणायची, "थे बी गेली. मी हावो अठीच."

घरात आरसा एकच, हाताएवढा. तिनं तो आपल्या उंचीनं खिळ्याला लावलेला. ती बुटकी, मी ताडमाड. सारा जन्म दाढी करताना मी वाकलो आणि कुरकुरलो. परवा कुसुम म्हणाली, "बाबा, आरसा वर लावून देऊ का आता? कंबर दुखते तुमची." मी म्हटलं, राहू दे. वाकलो की माझी हनुवटी बरोबर तिच्या हनुवटीच्या जागी येते.