नकाशाच्या कोपऱ्यातलं नाव

डोळखांबच्या वरच्या अंगाला जे पाडे आहेत, तिथं कुंडलिकला कुणी नावानं हाक मारत नाही. नकाशेवाला म्हणतात, आणि म्हणताना गालातल्या गालात हसतात.

"नकाशेवाल्या, तुझ्या त्या कागदात आपला पाडा हाय का रे?" शेजारचा चंदर बांधावरून ओरडायचा.

"नाय."

"मंग चुलीत घाल. आपून नाय त्यात, तो कसला मुलूख!"

कुंडलिक हसून घ्यायचा. उभी हयात त्यानं मुंबईत, फोर्टातल्या एका म्हाताऱ्या शेठच्या दुकानात जुने नकाशे साफ करण्यात घातली. फाटलेलं जोडायचं, खळ लावायची, रबर किसणीवर किसून त्याचा चुरा तळहातानं गोल गोल फिरवायचा, म्हणजे शंभर माणसांच्या बोटांचा मळ निघून येतो. मळासंगं कुणी पेन्सिलीनं काही गिरबटलं असेल, तेही निघतं. हात कापसासारखा हलका लागतो. तसा हात त्याला होता.

नकाशांच्या गोष्टी शेठ सांगायचा, त्या कुंडलिक सुट्टीला घरी आला की लेकीला, सारिकाला, सांगायचा. इटली म्हणून एक देश. तिथं पाण्यात उभं असलेलं व्हेनिस शहर. त्यात घरंच्या घरं हाच धंदा करायची. बाप तांब्याच्या पत्र्यावर मुलूख उलटा कोरायचा, पोरगे छापायचे, पोरी रंग भरायच्या. बाप मेला की थोरला पोरगा पत्रा घासून त्याचं नाव काढायचा आणि त्याच जागी आपलं कोरायचा.

"न् पोरींचं नाव कुठं?" सारिकानं विचारलं होतं. तेव्हा ती चौथीत असेल.

"पोरींचं कोण कोरतो गो?"

दुकान बंद झालं तेव्हा शेठनं त्याला एक नकाशा दिला. कोकणचा किनारा, पाण्यात शिडाची गलबतं, आणि उजव्या बाजूचा वरचा कोपरा वाळवीनं खाल्लेला, म्हणून विकला न गेलेला. डाव्या कोपऱ्यात खाली त्या इटलीवाल्यांच्या घराण्याचं नाव. सारिका तेव्हा कॉलेजला जायला लागली होती. तिनं नकाशा मांडीवर घेतला आणि घराण्याच्या नावाखाली पेन्सिलीनं आपलं नाव लिहिलं.

कुंडलिक ओरडला, "आगं, काय करतंस? ती चीज हाय!"

"त्यांच्या पोरींच्या वाटचं मी लिवलं, बाबा. पुसा ना, तुमचा तर धंदाच हाय."

त्यानं पुसलं नाही. हात शिवशिवत होता, तरी नाही.

पुढच्या पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या सारिकाला मण्यार डसली. झोळी करून नेईपर्यंत वाटेतच संपली. रीतीप्रमाणं तिचे कपडे, वाकळ, वह्या-पुस्तकं ओढ्याकाठी सोडून दिली. घरात तिच्या हातचं राहिलं ते नकाशावरचं नाव तेवढं. गोजरनं, तिच्या आयनं, नकाशाची गुंडाळी आपल्या लुगड्याच्या फडक्यात बांधली आणि चुलीवरच्या माळ्याला टांगली. बियाण्याची कणसं टांगतात, भोपळा टांगतात, तिथंच. धुरात ठेवलेलं बी किडत नाही. जपायचं ते धुरात ठेवायचं, हे गोजरला तिच्या आयनं शिकवलेलं. कुंडलिकलाही ते पटलं. वाळवीपेक्षा धूर बरा.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा गोजर म्हणाली, "ओ, तो कागद काढा ना. काच लावून भितीला लावू. पोर दिसंल."

कुंडलिकनं गुंडाळी सोडली. कागद काळा ठिक्कर. वरचं खालचं कळेना. त्यानं विचार केला, वाळवीचा कोपरा शोधायचा, तिकडून सुरुवात करायची, नावाच्या कोपऱ्याला हात लावायचा नाही. एका कोपऱ्यात कागद तुटलेला लागला. त्यानं रबर किसलं, चुरा टाकला आणि तळहात फिरवायला लागला.

काजळी उठू लागली तसा तो खुलला. हातात जुनी लय आली. पाणी दिसलं, गलबताचं शीड दिसलं. तो आणखी खाली सरकला. मग चुऱ्याखालून अक्षरं निघाली, काळीभोर, कोरीव. इटलीच्या घराण्याचं नाव.

त्याचा तळहात तिथंच थांबला.

तुटलेला कोपरा वाळवीचा नव्हता. धुरानं वाळून नावाकडचाच कोपरा मोडला होता. घराण्याच्या नावाखाली कागद स्वच्छ होता. पोरीनं दाबून लिहिलं असतं तर खाच तरी राहिली असती. त्यानं कागद तिरका करून उजेडाला धरला. काही नाही. हलक्या हाताची होती, बापासारखी.

राखाडी चुरा मांडीवर, जमिनीवर, सगळीकडं पडला होता. त्यातला कुठला कण तिचा, कुठला धुराचा, कोण सांगणार? तो बोटानं चुरा एका जागी ओढत बसला.

गोजर पदराला हात पुशीत आली. "झालं का हो? नाव हाय ना?" त्याचा चेहरा बघून ती जवळ येऊन बसली. "माझ्या धुरानं खाल्लं तर नाय? मीच टांगलं व्हतं. सांगा ना. मी खाल्लं काय पोरीचं नाव?"

कुंडलिकनं तिच्याकडं पाहिलं. गोजरला अक्षर येत नव्हतं. कुठलंच.

"नाय गो," तो म्हणाला. "हाय ना. तुझ्या धुरानंच टिकलं."

त्यानं तिचं बोट धरलं आणि इटलीवाल्यांच्या नावावर ठेवलं. तांब्यावरून उतरलेली शाई कागदावर जराशी उठून असते, बोटाला कळते.

गोजर त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. सावकाश, डावीकडून उजवीकडं, परत डावीकडं.

"हाताला लागतंय," ती म्हणाली. "केवढं मोठं लिवलंय माझ्या बायनं!"