देवाला थंडी वाजते

स्कॉटलंडच्या विद्यापीठात मी धर्मांचा अभ्यास करायला गेले, त्याच्या पहिल्याच महिन्यात वर्गात मी आमच्या गावच्या देवळातल्या मूर्तीचा फोटो दाखवला. तिथली पूजा माझे बाबाच करतात. शेजारी बसणारी हाना, एका पाद्र्याची मुलगी, एकदम पुढे वाकली. "देवाच्या अंगावर शाल का गं?"

ती शाल मी लहानपणापासून पाहत होते, पण कारण मला सांगता येईना. सरांची परवानगी घेऊन तिथूनच बाबांना फोन लावला.

"अगं, थंडी वाजते त्याला," बाबा म्हणाले.

मी भाषांतर करून सांगितलं. सगळेच एकदम बोलू लागले. थंडी वाजणारा देव दुबळा, की फार जवळचा? हाना तर उभी राहून वाद घालत होती. आपल्या माणसाला जपावं तसं देवाला जपायचं, हे मी घरात रोज पाहिलं होतं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, हे आज कळत होतं.

फोन चालूच होता. "काय झालं गं? माझं काही चुकलं का?"

"नाही बाबा! ते विचारतायत, उन्हाळ्यात काय करता?"

"चंदनाची उटी लावतो," बाबांचा आवाज खुलला. "थांब, नीट सांगतो. त्यांना वह्या काढायला सांग."