महालावरून आमचं गाव दिसतं का?

नगरला जायचं ठरलं ते आईच्या गुडघ्यांमुळे. उपचारासाठी ती सध्या पुण्याला माझ्याकडे राहते आहे. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि सांगितलं, की दोन-तीन वर्षांत ऑपरेशन करावं लागेल, तोवर चढ-उतार कमी करा. दवाखान्याच्या पायऱ्या कठड्याला धरून उतरताना आई म्हणाली, "मंग त्याच्या आदी मला महालावर ने."

महाल म्हणजे चांदबिबी महाल. नगरहून पाथर्डीकडे निघालं की उजव्या-डाव्या वळणांतून बराच वेळ दिसत राहणारी, डोंगरमाथ्यावरची अष्टकोनी इमारत. आमचं गाव पाथर्डीच्या पुढे. आई-बाबांनी अठरा हंगाम ऊस तोडला. दिवाळी झाली की टोळीचा ट्रक गावातून निघायचा आणि त्या डोंगराखालून पुढे साखर कारखान्यांकडे जायचा. मी शाळेसाठी गावातच मावशीकडे राहायचे.

पहिल्या वर्षी मी सहा वर्षांची होते आणि ट्रकचं फाळकं सोडत नव्हते. तेव्हा आई म्हणाली होती, "रडू नको. वाटंत डोंगरावर महाल हाय. म्या तिथं चढते आन् तुला बगते. साळंत गेली का न्हाई, समदं दिसतं वरून." मी फाळकं सोडलं. शाळेत गेले. एकही दिवस चुकवला नाही.

आता मी सर्व्हेअर आहे. रस्त्यांची पातळी आणि अंतरं मोजणं हे माझं काम. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी एक स्वाध्याय होता: नकाशावरच्या समोच्च रेषा वापरून कुठल्याही दोन ठिकाणांमधला उभा छेद, म्हणजे मधल्या चढ-उतारांची आकृती, काढा आणि एकावरून दुसरं दिसतं का ते सांगा. मी महाल आणि आमचं गाव घेतलं. मध्ये करंजी घाटाचे डोंगर येतात. गाव दिसत नाही. मला पूर्ण गुण मिळाले आणि मी आईला काही बोलले नाही.

हा प्रवास आखताना मला बस, मुक्काम, जेवण यांची काळजी नव्हती. वर पोचल्यावर आईने विचारलं तर काय उत्तर द्यायचं, एवढंच ठरत नव्हतं. त्यात यंदा चुलतभाऊ आणि वहिनी तोडीला गेलेत. त्यांची तिसरीतली स्वरा गावी माझ्या बाबांजवळ आहे. दिवाळीनंतर आईने तिलाही फोनवर तेच सांगितलं होतं: महालावरून समदं दिसतं.

शनिवार

पुण्याहून सकाळी लवकरची एसटी पकडा. वाघोली एकदा मागे टाकली की रस्ता चांगला आहे. बायकांना अर्धं तिकीट. आम्ही साडेतीन तासांत पोचलो, त्यात सुप्याजवळ चहाला थांबलेला वेळही आला. बोर्डांवर आता अहिल्यानगर लिहिलंय. कंडक्टर मात्र "चला नगर, नगर" असंच ओरडत होता.

स्टँडबाहेर रफिकभाई भेटले. साठीच्या आसपासचे, रिक्षाच्या आरशाला जुनी मोजपट्टी बांधलेली. का, ते विचारलं नाही.

"नगरला काय बघायचं ताई?" ते म्हणाले. "लोक इथं बस बदलायला उतरतात. शिर्डी-शिंगणापूर करून देऊ का?"

मी यादी दिली. त्यांनी ती वाचली, मग माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही नगरच्याच दिसता."

"पाथर्डीच्या," मी म्हणाले.

"म्या पाथर्डीची," आई म्हणाली. "ही पुन्याची. हिला भाकरी थापता येत न्हाई."

दोन दिवसांचे मिळून चौदाशे ठरले. आजच्या घडीला हा भाव रास्त आहे, जास्त घासाघीस करू नका.

आधी किल्ला. तो लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून ओळखपत्र सोबत ठेवा आणि त्या दिवशी आत सोडतात का ते आधी विचारून घ्या. बहुतेक लोक आतली स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्यांच्या बंदिवासाची खोली बघून परततात. मी म्हणेन, खंदकाच्या कडेने चाला. हा भुईकोट जवळजवळ गोल आहे. तटाला कोपरा नाही, त्यामुळे शत्रूला लपायला आडोसा नाही. आखणी करणाऱ्याला दोरी, खुंटी आणि भूमिती नीट कळत होती. मी अकरा वर्षं याच जिल्ह्यात शाळेत गेले, आणि हे मला कुणी सांगितलं नाही. आपल्याकडे काही नाही, असं आपणच सांगत फिरतो.

तिथून जवळ दमडी मशीद. लहान आहे, पण दगडावरची नक्षी इतकी बारीक, की मी कॅमेरा खाली ठेवून नुसतं पाहिलं. असं सांगतात, की किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी दमडी दमडी जमवून ती बांधली. रफिकभाईंनी ही गोष्ट सांगितली तेव्हा आईने खांबाला तळहात लावला. तिच्या तळहातावर कोयत्याचे घट्टे अजून आहेत.

"ठेकेदारानं बांदलेलं न्हाई, कळतं," ती म्हणाली.

"कशावरून?" मी विचारलं.

"मागची बाजू बग. पुढच्यावानीच हाय."

मी मागे जाऊन पाहिलं. खरंच होतं. कामाची तपासणी करताना मीही आधी मागची बाजू बघते. हे मला साहेबांनी शिकवलं असं मी समजत होते.

दुपारी रणगाडा संग्रहालय. यंत्रांची आवड असेल तर दोन तास ठेवा. आई एका अवजड रणगाड्यासमोर थांबली, त्याचे लोखंडी पट्टे निरखले आणि रफिकभाईंना म्हणाली, "पावसात उसाचं ट्रॅक्टर रुतलं की आमी बाया मागनं ढकलायचो. ह्यो कुठं हुता तवा?"

"तेव्हा तो लढाईला होता, मावशी."

"आमी काय लग्नाला गेल्तो व्हय?"

शेवटी फराहबाग. एका मोठ्या तळ्याच्या मधोमध बांधलेला महाल. तळं आता कोरडं आहे, बाभळी उगवल्यात. आतल्या दालनात मात्र बाहेरपेक्षा स्पष्ट गार वाटतं. जाड भिंती, उंच छत आणि पूर्वी भोवती पाणी, बाकी काही नाही. आजच्या काचेच्या ऑफिसांना वीज जाळून जे जमतं ते या लोकांनी चुन्यात करून ठेवलं. भिंतींवर नावं कोरणाऱ्यांना मी काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

रात्रीच्या जेवणाला सावेडीतल्या एका साध्या खाणावळीत हुलग्याच्या पिठाचे, रश्श्यात शिजवलेले शेंगोळे मिळाले. नगरला येऊन पनीर मागवू नका. आईने पहिला घास घेतला आणि मालकिणीला हाक मारून सांगितलं, की लसूण कमी पडलाय. मालकीण म्हणाली, "पुण्याची गिऱ्हाइकं तक्रार करत्यात मावशी, म्हणून कमी घातला." आईने माझ्याकडे पाहिलं. पाच मिनिटांत वेगळी, झणझणीत वाटी आली.

रविवार

सकाळी सातला निघालो. भिंगार ओलांडलं की महाल दिसायला लागतो. आई रिक्षाच्या कडेला सरकून बसली होती. "ट्रकमधी मागं तोंड करून बसायचो," ती म्हणाली. "त्यो लई येळ मागंमागं यायचा."

वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, चारचाकी सहज जाते. माझा बेत तसाच होता. पण मुख्य रस्ता सोडून चढाच्या तोंडाशी आलो आणि आई म्हणाली, "भाऊ, थांबा. हितं उतरते म्या."

मला वाटलं, तिला पाणी हवंय.

"आई, वर रिक्षा जाते."

"जाऊ दे की. म्या पायी येते."

मी तिला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. चढ सांगितला. तिने पदर खोचला आणि चालायला लागली. मी आईशी वाद घालत नाही. उपयोग होत नाही, हे अनुभवावरून सांगते.

रफिकभाईंनी रिक्षा पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि आमच्या मागे माणसाच्या चालीने आणली. "मावशी, दमलात की नुसतं मागं बसा," ते दर वळणावर म्हणायचे. आई मागे न बघता हात हलवायची. दर दोनशे पावलांवर मी तिला थांबवलं, पाणी दिलं. तिसऱ्या वळणावर तिचा डावा पाय टेकेना. ती कठड्यावर बसली, गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. ओठ घट्ट मिटलेले.

"बस झालं आता," मी म्हणाले. "इथूनही दिसतं सगळं."

"हितून दिसलं तर काय उपेग?"

मग ती उठली. सकाळी फिरायला आलेली भिंगारची दोन माणसं उतरत होती. त्यातला एक म्हणाला, "आजी, नवस हाय का काय?" आई म्हणाली, "नवस न्हाई. सबूद हाय."

शेवटच्या वळणावर तिने माझा खांदा धरला. पूर्ण वजन टाकलं. तिने असं कधी केल्याचं मला आठवत नाही.

महाल पाहणाऱ्यांसाठी: ही चांदबिबीची वास्तू नाही. निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची ही कबर आहे, तळघरात थडगी आहेत. नक्षी जवळजवळ नाही. आठ बाजू, एकावर एक कमानी, दगडाचा नुसता तोल. वाऱ्याच्या या माथ्यावर ती चारशेहून अधिक वर्षं उभी आहे. सोबत पाणी आणा, वर काही मिळेलच असं नाही. आणि सकाळीच या, तेव्हा हवा स्वच्छ असते.

आईने इमारतीला एक फेरी घातली आणि कमानीत उभी राहिली. "आपलं गाव कुट्ल्या अंगाला?"

मी फोनवरचं होकायंत्र उघडलं, मग खात्रीसाठी पिशवीतलं खरं काढलं. शहात्तर अंश. पूर्वेच्या थोडं उत्तरेला. मी तिचे दोन्ही खांदे धरून तिला त्या रेषेत वळवलं. तिने कपाळावर तळहाताची सावली धरली आणि बघायला लागली. मी घड्याळ पाहिलं. अशा वेळी काय करायचं ते मला कळत नाही, मग मी मोजते.

समोर शेतं, मळकट हिरवी आणि तपकिरी. त्यापलीकडे डोंगरांची रांग. त्यापलीकडे काही नाही.

शेवटी तिने कपाळावरचा हात खाली घेतला, मी पुन्हा घड्याळ पाहिलं. मग ती म्हणाली, "तुज्या शिक्षनात काय म्हनत्यात? दिसतं का?"

मी आकडे खोटे सांगत नाही. "नाही दिसत. मध्ये करंजी घाटाचे डोंगर आहेत."

"तुला कवापासनं म्हाईत?"

"डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापासून."

आई हसायला लागली. गुडघा धरून हसली. "अगं, त्यो घाट वलांडूनच आमचा ट्रक हिकडं यायचा. घाट लागला की गाव डोंगराआड जायचं. म्या त्यातच बसलेली हुते. मला न्हाई का ठावं?"

मी नकाशावर रेघ मारून, छेद काढून जे शोधलं होतं, त्यावरून ती छत्तीस वेळा गेली होती.

"मग एवढं चढलीस कशाला?"

"तुला म्हनले हुते, म्या चढते. दिसायचं खोटं हुतं, त्याला इलाज न्हवता. चढायचं तर खरं करता आलं असतं. पर ट्रक कदी थांबलाच न्हाई." तिने पदराने तोंड पुसलं. "आन् तू कुठं लई खरी बोलायचीस? मावशीच्या फोनवर म्हनायचीस, आई, काल दिसलीस, हिरवं लुगडं हुतं. माजं हिरवं लुगडं पेटीत हुतं, गावी."

मला हे आठवत नव्हतं. ती म्हणते म्हणजे मी म्हणाले असेन.

रफिकभाईंनी आमचा फोटो काढला. माझा चेहरा नेहमीसारखाच आहे. आईचा बघा: कमानीत, पदर खोचलेला, जिल्हा आपल्या नावावर असल्यासारखी उभी आहे. उतरताना ती निमूट रिक्षात बसली.

परत पुण्यात

संध्याकाळी सातला घरी. गुडघा सुजला होता. मी बर्फ लावला, डॉक्टरांना फोन करून बोलणी खाल्ली. दोन दिवसांचा खर्च, राहणं-खाणं धरून, दोघींचा पाच हजारांच्या आत बसला. कामावर कुणी विचारलं, की सुट्टीत कुठे गेला होता, तर मी आजवर "गावी" म्हणायचे आणि विषय बदलायचे. सोमवारी मी "नगरला, फिरायला" म्हणाले आणि साहेबांना किल्ल्याचा गोल कागदावर काढून दाखवला. आई-बाबा काय काम करायचे, हेही त्यांनी विचारलं. तेही सांगितलं.

पण त्याआधी, रविवारीच, बर्फ बदलत असताना गावाहून स्वराचा फोन आला. आई तिला म्हणाली, "चढले गं! पार वरपत्तूर. पायी!" पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि आईने फोन माझ्यापुढे धरला. "तुज्यावर इस्वास हाय म्हनती. तू मोजती ना."

"आत्या," स्वरा म्हणाली, "आजीनं खरंच मला बगितलं?"

मी बर्फाची पिशवी खाली ठेवली.

"आजी तुझ्याच दिशेला तोंड करून उभी होती. दिशा मी होकायंत्राने काढून दिली होती. एक अंशाचाही फरक नव्हता."

तिने विचारलं, "किती येळ बगत हुती?"

"अकरा मिनिटं," मी म्हणाले.